रोमँटिक काळातल्या चित्रांमधलं मध्ययुगीन चर्च : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपातल्या जुन्या चर्चची आतून काढलेली चित्रं मी गेली अनेक वर्षं पाहतो आहे. ती इतरांना दाखवली की तेच तेच प्रश्न समोर येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ज्या ठिकाणी जास्त सांगण्यासारखं आहे तिथे सविस्तर लिहिलं आहे.

रोमँटिक काळ म्हणजे नेमका कोणता, आणि ही चित्रं कोणती?

साधारण १७९० ते १८५०. मराठी समीक्षेत आपण ज्याला स्वच्छंदतावाद म्हणतो, त्याचा हा बहराचा काळ. या साठ वर्षांत इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या चित्रकारांनी बाराव्या ते पंधराव्या शतकातली चर्च, कॅथीड्रल (बिशपची मुख्य चर्च) आणि मठ आतून रंगवले. उंच खांब, टोकदार कमानी, रंगीत काचांतून येणारं ऊन, फरशीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळा, आणि या सगळ्यात हरवलेला एखादा माणूस. काही चित्रांतली चर्च धडधाकट आहेत, काहींची छपरं कोसळलेली आहेत. दोन्हींचा विचार एकत्र करायला हवा, कारण चित्रकारांनाही ती वेगळी वाटत नव्हती.

ही आवड नेमकी याच काळात का उफाळली? चर्च तर पाचशे वर्षं उभीच होती.

उभी होती म्हणून कोणी बघत नव्हतं. पडायला लागली तेव्हा बघू लागले.

फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चची मालमत्ता सरकारजमा झाली. नोव्हेंबर १७९३ मध्ये पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलचं ‘विवेकाचं मंदिर’ झालं. फ्रान्समधल्याच क्लूनीचं मठ-चर्च रोमचं सेंट पीटर्स उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं चर्च होतं. १७९८ पासून ते दगडांच्या खाणीसारखं वापरलं गेलं आणि पंचवीसेक वर्षांत त्याचा बहुतेक भाग नाहीसा झाला. आज तिथे आडव्या दालनाची एक बाजू आणि तिच्यावरचा मनोरा तेवढा उरला आहे. जर्मन प्रदेशांत १८०३ साली मठ बंद करून त्यांच्या जमिनी राजांनी वाटून घेतल्या. इंग्लंडमध्ये हेच काम आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० मध्ये उरकलं होतं, त्यामुळे तिथे अडीचशे वर्षांचे मुरलेले अवशेष तयारच होते.

पॅरिसमध्ये अलेक्सांद्र लनुआर या माणसाने क्रांतीत फुटणाऱ्या राजांच्या आणि संतांच्या मूर्ती, थडगी, काचा गोळा करून एका रिकाम्या मठात १७९५ साली संग्रहालय उघडलं. एकेका शतकाला एकेक दालन होतं, आणि सर्वांत जुन्या शतकांची दालनं मुद्दाम काळोखी ठेवली होती. १८१६ साली ते बंद झालं, पण मधल्या वीस वर्षांत पॅरिसच्या एका पिढीने मध्ययुग पहिल्यांदा तिथे पाहिलं. जुनं म्हणजे अंधारं, हे समीकरण रुजायला या दालनांचाही हातभार लागला असं मला वाटतं.

शिवाय देशाभिमान होताच. गॉथिक शैली, म्हणजे टोकदार कमानींची ती उंच बांधणी, आपलीच, असं इंग्रज, फ्रेंच आणि जर्मन तिघेही म्हणत. खरं तर तिची सुरुवात पॅरिसजवळच्या सँ-दनी इथे झाली. तिथल्या मठाधिपती सुजेरने बांधलेल्या नव्या गाभाऱ्याचं समर्पण ११४४ साली झालं.

टिंटर्नचं नाव सारखं का येतं?

कारण इंग्लंडमध्ये जुन्या चर्चकडे चित्र म्हणून बघायची सवय बऱ्याच अंशी तिथेच लागली.

टिंटर्न ॲबी वेल्समध्ये वाय नदीच्या काठी आहे. सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी ११३१ साली हा मठ स्थापला. १५३६ साली तो बंद झाला, छपराचं शिसं काढून नेलं, आणि नंतरची अडीचशे वर्षं पाऊस आणि आयव्हीच्या वेली एवढेच तिथले रहिवासी उरले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात होडीतून वाय नदीची सहल करायची टूम निघाली. विल्यम गिल्पिन या पाद्रीने १७८२ साली या सहलीवर पुस्तक छापलं. त्यात तो लिहितो की टिंटर्नच्या त्रिकोणी भिंती फारच सरळसोट आहेत, एखाद्याने हातोडा विचारपूर्वक चालवला तर त्या जास्त देखण्या होतील. मात्र तसं करायची छाती कोणाची, हेही तो लगेच विचारतो. याच पानांत तो अवशेषांत राहणाऱ्या, प्रवाशांना वाट दाखवून चार पैसे मागणाऱ्या गरिबांबद्दलही लिहितो. चित्रांमधून ती माणसं बहुतेक वेळा गाळली गेली. मला ही गोष्ट टोचते.

जे. एम. डब्ल्यू. टर्नर तिथे पहिल्यांदा गेला तो १७९२ साली, सतरा वर्षांचा असताना. १७९४ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल अकॅडमीत टिंटर्नचं आतलं जलरंगचित्र मांडलं. मुख्य दालन आणि आडवं दालन जिथे एकमेकांना छेदतात, त्या ठिकाणची प्रचंड कमान समोर आहे. तिच्यावरून वेलींचे आणि झुडपांचे झुबके खाली लोंबतात. छप्पर असायला हवं तिथे आभाळ आहे. खाली गवत, आणि गवतात चिमुकली माणसं. पानांचा हिरवा आणि दगडाचा करडा रंग जिथे भेटतात तिथे जरा थांबून पाहा. दगड कुठे संपतो आणि पान कुठे सुरू होतं, ते काही ठिकाणी सांगताच येत नाही.

आज टिंटर्नला गेलात तर ती आयव्ही दिसणार नाही. १९०१ साली ब्रिटिश सरकारने वास्तू विकत घेतली आणि दुरुस्ती करताना वेली काढून टाकल्या. भिंती वाचल्या, आणि टर्नरने पाहिलेली जागा मात्र आता कागदावरच उरली.

जाता जाता : वर्ड्‌स्वर्थच्या १७९८ सालच्या प्रसिद्ध कवितेच्या शीर्षकात टिंटर्न आहे, पण कवितेत त्या अवशेषांचं वर्णन अजिबात नाही. ती ‘काही मैल वर’ लिहिली आहे.

टर्नर म्हणजे समुद्र आणि वादळं, अशी आमची समजूत. चर्चशी त्याचा एवढा काय संबंध?

त्याचा हात चर्चमध्येच तयार झाला. पोरवयात तो टॉमस माल्टन या वास्तुचित्रकाराकडे शिकला. पुढे १८०७ साली रॉयल अकॅडमीत यथार्थदर्शनाचा प्राध्यापक झाला. यथार्थदर्शन म्हणजे शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना आपल्याला घाम फोडणारा तोच विषय. ईली, डरॅम, सॉल्झबरी ही कॅथीड्रल त्याने तरुणपणी आतून रंगवली.

त्याचं एक चित्र मला फार जवळचं आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमधल्या एका छोट्या चॅपलचं (उपप्रार्थनागृहाचं) जलरंगचित्र त्याने १७९६ साली प्रदर्शित केलं, आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नजर साहजिकच वर, कोरीव दगडी जाळीकडे जाते. पण खाली फरशीकडे या. तिथल्या एका थडग्याच्या शिळेवर लॅटिनमध्ये अक्षरं आहेत : विल्यम टर्नर, जन्म १७७५. एकवीस वर्षांच्या मुलाने राजे आणि कवी जिथे पुरले जातात त्या जागी स्वतःच्या नावाची शिळा रंगवून ठेवली. मृत्यूचं साल नाही, कारण तो जिवंत होता. सही करायची ही पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. या चित्रांत जुन्या दगडांबद्दल जेवढं आहे, तेवढंच बघणाऱ्याबद्दलही आहे, हे मला त्या शिळेने शिकवलं.

चित्रांतला तो गूढ अंधार आणि उघडा करडा दगड मध्ययुगात खरंच तसा होता का?

नव्हता. हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मध्ययुगीन चर्च आतून रंगीत असायचं. भिंतींवर चुन्याचा गिलावा, त्यावर लाल, निळे, सोनेरी रंग, खांबांवर नक्षी, मूर्तींच्या कपड्यांवर रंग. आपल्याकडच्या जुन्या देवळांतल्या रंगवलेल्या छतांची आठवण करा, म्हणजे कल्पना येईल. पॅरिसमधलं १२४८ सालचं सँत-शापेल आज पुन्हा रंगवलेलं दिसतं. पुष्कळ लोक ते पाहून गोंधळतात, ‘हे जरा भडक वाटतं’ म्हणतात. आपल्या डोळ्यांना करड्याची सवय आहे म्हणून तसं वाटतं.

मग रंग गेले कुठे? काही धर्मसुधारणेच्या काळात पांढऱ्या चुन्याखाली गेले, काही काळाच्या ओघात उडाले, काही दुरुस्तीच्या नावाखाली खरवडले गेले. रोमँटिक चित्रकारांच्या वाट्याला आली ती उजाड, ओल आलेली, धुळीने माखलेली दालनं. त्यांनी जे पाहिलं ते प्रामाणिकपणे पाहिलं, पण त्याला ‘मध्ययुग’ असं नाव दिलं. तो अंधार एकोणिसाव्या शतकाचा आहे, तेराव्याचा नाही. उलट गॉथिक बांधणीचा सगळा खटाटोप उजेडासाठी होता. टोकदार कमानी, फासळ्यांचं छत आणि बाहेरून दिलेले दगडी धिरे यांनी वजन पेललं, म्हणून भिंती मोकळ्या झाल्या आणि त्यांच्या जागी काचा बसवता आल्या.

हे कळल्यावर चित्रांवरचं माझं प्रेम कमी झालं नाही. फक्त आता मी त्यांच्याकडे मध्ययुगाचा पुरावा म्हणून बघत नाही. एखादं घर रिकामं झाल्यावर त्यात शिरणाऱ्या माणसाला जसं वाटतं, तसं या चित्रकारांना वाटलं होतं. ते त्यांनी रंगवलं.

डच चित्रकारांनी सतराव्या शतकातच चर्च आतून रंगवली होती ना? मग यात नवीन काय?

रंगवली होती, आणि अप्रतिम रंगवली होती. पीटर सानरेडामची पांढरी चर्च पाहिली की मन शांत होतं. तो आधी जागेवर मापं घ्यायचा, त्यावरून बांधणीचं रेखाटन करायचा आणि कधी कधी कित्येक वर्षांनी चित्र रंगवायचा. पण त्याचं चर्च रोजच्या वापरातलं आहे. तिथे इतिहास हा विषय नाही. रोमँटिक चित्रकारासाठी तोच मुख्य विषय आहे. योहानेस बॉसबोम (१८१७–१८९१) हा डच चित्रकार दोन्ही परंपरांच्या मधोमध उभा आहे. त्याची चर्च सानरेडामसारखी डच आहेत, पण सावल्या त्याच्या स्वतःच्या काळातल्या.

माणसं इतकी लहान का?

उंची दाखवायला. बघणाऱ्याची नजर खाली, फरशीजवळ ठेवायची, खांब चौकटीच्या वरपर्यंत न्यायचे आणि पायथ्याशी बोटभर माणूस ठेवायचा, की दगड आपोआप आकाशाला भिडतो.

पण प्रत्येक वेळी एवढंच कारण नसतं. फ्रेंच चित्रकार फ्रांस्वा-मारियस ग्राने, टर्नरच्याच वर्षी, १७७५ साली एक्स-आं-प्रोवांस इथे जन्मला. रोममधल्या कापुचिन साधूंच्या प्रार्थनागृहाचं त्याचं चित्र (१८१४–१५) इतकं गाजलं की त्याला ते डझनाहून अधिक वेळा रंगवावं लागलं. ती इमारत सतराव्या शतकातली, म्हणजे मध्ययुगीन नव्हे, पण या प्रकारच्या चित्रांची लाट या चित्राने वाढवली. समोर टोकाला खिडकी, तिच्यातून येणारा उजेड, दोन्ही बाजूंना ओळीने साधू. उजेड त्यांच्या पाठीमागून येतो, त्यामुळे चेहरे नीट दिसत नाहीत, कडा तेवढ्या उजळतात. इथे माणसं फार लहान नाहीत, पण तीही खोलीचाच भाग होऊन जातात. ग्रानेने असिसीचं संत फ्रान्सिसचं तळघरासारखं खालचं चर्चही रंगवलं, ते खरोखर तेराव्या शतकातलं.

छप्पर नसलेल्या पडक्या चर्चला ‘आतलं’ चित्र कसं म्हणायचं?

जर्मन चित्रकारांनी हीच गंमत नेमकी पकडली. कास्पार डेव्हिड फ्रिडरिखचा जन्म १७७४ सालचा, बाल्टिक किनाऱ्यावरच्या ग्राइफ्सवाल्डचा. गावाजवळ एल्डेना इथे ११९९ साली स्थापलेल्या मठाचे विटांचे अवशेष होते, लहानपणापासून पाहिलेले. १८०९–१० मध्ये त्याने ओकच्या झाडांमधला मठ रंगवला. एकच उंच भिंत उभी आहे, तिच्यात रिकामी खिडकी. बर्फ पडलं आहे. भिक्षूंची रांग शवपेटी घेऊन दारातून आत जाते, पण भिंतीच्या पलीकडेही बर्फच आहे. आत आणि बाहेर असं काही उरलेलंच नाही. १८१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात ते ठेवलं गेलं आणि प्रशियाच्या राजाने विकत घेतलं.

याच फ्रिडरिखने आपल्या गावचं सेंट जेकबचं चर्च पडकं असल्यासारखं रेखाटलं. ते चर्च तेव्हा धडधाकट होतं! जिवंत इमारतीत तिचा शेवट पाहणं, ही त्याची नजर.

कार्ल ब्लेखेनचं १८२६ सालचं चित्र ड्रेस्डेनला आहे. गॉथिक चर्चचं उंचच उंच दालन आतून दिसतं, फरशी फुटलेली, खांबांच्या मधोमध झाडं उगवलेली. खाली कोपऱ्यात एक यात्रेकरू झोपला आहे. तो इतका लहान आहे की पहिल्या नजरेत सुटतो. खांब आणि झाडाचं खोड एकाच दिशेने, एकाच ओढीने वर जातात. गॉथिक कमान म्हणजे दगडात गोठलेलं रान, असं तेव्हा पुष्कळ लोक म्हणत. ब्लेखेनने ते न बोलता दाखवलं.

या चित्रांचा नाटकाच्या पडद्यांशी संबंध होता, हे खरं आहे का?

अगदी खरं. ब्लेखेन बर्लिनमध्ये नाटकांचे पडदे रंगवत होता. स्कॉटलंडचा डेव्हिड रॉबर्ट्‌स, ज्याने स्पेनमधल्या बुर्गोस कॅथीड्रलच्या आतला सोनेरी जिना रंगवला, तोही आधी घरं आणि मग रंगभूमीचे पडदे रंगवायचा. आणि लुई दागेर, पॅरिसच्या रंगभूमीचा नेपथ्यकार.

दागेर आणि त्याचा भागीदार बूताँ यांनी जुलै १८२२ मध्ये पॅरिसमध्ये ‘डायोरामा’ सुरू केला. पहिल्या दोन दृश्यांपैकी एक होतं इंग्लंडच्या कँटरबरी कॅथीड्रलमधल्या ट्रिनिटी चॅपलचं. अंधाऱ्या गोल सभागृहात प्रेक्षक बसत. समोर वीस मीटरहून रुंद, पातळ कापडावर रंगवलेलं चित्र. काही पारदर्शक रंग, काही अपारदर्शक. समोरून आणि मागून येणारा उजेड झडपा आणि रंगीत पडदे सरकवून बदलायचा. एक दृश्य संपलं की प्रेक्षकांची सगळी जमीनच फिरून दुसऱ्या चित्रासमोर यायची.

१८३४ सालचा ‘मध्यरात्रीचा मास’ (मास म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना) हा या कलेचा कळस. पॅरिसच्या सँत-एत्येन-द्यु-माँ चर्चचं आतलं दृश्य. सुरुवातीला दिवस, रिकाम्या खुर्च्या. हळूहळू तिन्हीसांजा, मग रात्र. मेणबत्त्या पेटतात आणि मघाशी रिकाम्या असलेल्या खुर्च्यांवर माणसं दिसू लागतात. मग पुन्हा माणसं विरतात, पहाट होते. हे सगळं एकाच कापडावर. माणसं कापडाच्या मागच्या बाजूला रंगवलेली होती, उजेड मागून आला की ती प्रकटायची.

मार्च १८३९ मध्ये पॅरिसचा डायोरामा जळून खाक झाला. त्याच वर्षी दागेरने छायाचित्रणाची आपली पद्धत जगापुढे मांडली. म्हणजे आपल्या खिशातल्या कॅमेऱ्याच्या पणजोबाने आयुष्यातली उमेदीची वर्षं चर्चमध्ये ऊन कसं सरकतं हे दाखवण्यात घालवली होती. त्याचं एकमेव शिल्लक डायोरामा-चित्र पॅरिसजवळ ब्री-स्युर-मार्न या गावच्या चर्चमध्ये आहे, १८४२ सालचं. वेदीच्या मागे ते लावलं आहे आणि छोटंसं चर्च तिथून पुढे भल्यामोठ्या गॉथिक दालनात उघडतं असा भास होतो. दागेरचं एक तैलचित्रही पाहण्यासारखं आहे : १७६८ साली छप्पर कोसळलेलं एडिंबराचं होलीरूड ॲबी, चांदण्यात. ते लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीत आहे.

इतिहासाचा पुरावा म्हणून ही चित्रं विश्वासार्ह आहेत का?

चित्राचित्रावर अवलंबून. सॉल्झबरीचं उदाहरण घ्या. वास्तुविशारद जेम्स वायट याने १७८९ ते १७९२ मध्ये तिथे ‘सुधारणा’ केली. दोन जुनी चॅपल पाडली, थडगी उचलून खांबांच्या मधे रांगेत मांडली, जुन्या काचा काढल्या. टर्नरने त्यानंतर काही वर्षांत जी मोकळी, लांबच लांब दालनं रंगवली, त्यांतला मोकळेपणा बराचसा वायटचा आहे.

दुसरं टोक जर्मनीतल्या कोलोनचं. १२४८ साली सुरू झालेलं हे कॅथीड्रल सोळाव्या शतकात काम थांबल्याने अर्धवट राहिलं आणि अपुऱ्या मनोऱ्यावर लाकडी क्रेन शतकानुशतकं तशीच उभी राहिली. सुल्पित्स बॉइसेरे याने १८२०च्या दशकात भव्य कोरीव मुद्राचित्रं प्रसिद्ध केली. त्यांत पूर्ण झालेल्या कॅथीड्रलचं आतलं दृश्यही होतं. तसं दालन तेव्हा जगात नव्हतं. १८४२ साली काम पुन्हा सुरू झालं आणि १८८० साली पूर्ण झालं. इथे चित्र आधी आलं, इमारत नंतर.

चित्रांमुळे इमारती वाचल्या, असं म्हणता येईल का?

एकट्या चित्रांमुळे नाही, पण त्यांचा वाटा मोठा. शिळाछापाची कला नुकतीच रुळली होती, त्यामुळे हजारो घरांत ही दृश्यं पोचली. फ्रान्समध्ये १८३० साली ऐतिहासिक वास्तूंसाठी निरीक्षकाचं पद निर्माण झालं, १८३१ मध्ये नोत्र दामवरची व्हिक्टर ह्यूगोची कादंबरी आली, १८४०च्या दशकात त्या कॅथीड्रलची दुरुस्ती सुरू झाली. ज्या पिढीने हे सगळं केलं तिचे डोळे या चित्रांवर वाढले होते. नुकसानही झालं. ‘मध्ययुग असंच दिसायला हवं’ या हट्टापायी काही दुरुस्त्यांनी मधल्या शतकांची चांगली कामं काढून टाकली.

ही धार्मिक चित्रं आहेत का?

काही आहेत. फ्रिडरिख मनापासून श्रद्धावान होता. टर्नरबद्दल मी तसं म्हणणार नाही.

मुंबईशी याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो सरळ आहे. या चित्रांनी निर्माण केलेल्या आवडीतून इंग्लंडमध्ये गॉथिक पुनरुज्जीवन आलं आणि तिथून ते मुंबईत. मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचे. तो भारतात कधी आलाच नाही. हाच स्कॉट १८६०च्या दशकात सॉल्झबरी कॅथीड्रलची आतून दुरुस्ती करत होता, म्हणजे टर्नरने रंगवलेल्याच जागेत काम करत होता. सभागृहाच्या गोल खिडकीत बारा राशी आहेत. कुलाब्याचं अफगाण चर्च (१८५८) याच घराण्यातलं. वसईच्या किल्ल्यातली पडकी चर्च मात्र पोर्तुगीज काळातली, मध्ययुगीन नव्हेत. तरीही पावसाळ्यात तिथे भिंतींतून उगवलेल्या पिंपळाखाली उभं राहिलं की मला ब्लेखेन आठवतो.

पाहायला सुरुवात कुठून करू?

लंडनची टेट गॅलरी आणि ब्रिटिश म्युझियम, बर्लिनची जुनी राष्ट्रीय गॅलरी आणि ड्रेस्डेनचा संग्रह, या सगळ्यांच्या संकेतस्थळांवर चित्रं मोठी करून पाहता येतात. प्रत्यक्ष जाणार असाल तर आधी चौकशी करा, कारण जलरंग उजेडाने फिके पडतात, म्हणून ती चित्रं बहुतेक काळ अंधारात, कपाटात ठेवलेली असतात. घरी बसून पाहताना एक करा : चित्र मोठं करा, खालच्या कडेला जा आणि फरशीपासून सुरुवात करा. शिळा, भेगा, खांबाचा पायथा, झोपलेला माणूस. छताकडे सगळ्यांत शेवटी जा.